इलेक्ट्रोहायड्रॉलिक प्रपोर्शनल व्हॉल्व्ह : यंत्र हिसके देते तेव्हा दोष खरोखर व्हॉल्व्हचा असतो का?

निळा धूर (धागाकर्ता)

नमस्कार. चाकांचे लोडर आणि ट्रकवर बसवलेल्या क्रेन यांच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. आमच्याकडील एका क्रेनवरचा हाताच्या दांड्यांचा जुना व्हॉल्व्ह काढून त्या जागी जॉयस्टिकने चालणारा प्रपोर्शनल व्हॉल्व्हचा (म्हणजे विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात तेल कमी-जास्त सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) संच बसवण्यात आला. विद्युतपुरवठा २४ व्होल्टचा आहे, पंप लोड सेन्सिंग प्रकारचा, म्हणजे भाराच्या गरजेपुरतेच तेल देणारा आहे आणि जॉयस्टिक व व्हॉल्व्हची कॉइल यांच्यामध्ये कॉइलला वीज देणारे एक साधे ड्रायव्हर कार्ड आहे. कागदावर हा बदल अतिशय आकर्षक वाटला होता. प्रत्यक्षात मात्र ऑपरेटर तीन तक्रारी घेऊन माझ्याकडे येतो.

जॉयस्टिक सुरुवातीला काही अंतर हलवली तरी बूम (क्रेनचा लांब हात) जागचा हलत नाही आणि मग एकदम उसळी घेतो. सकाळी ज्या स्थितीत बूम योग्य वेगाने चालतो, त्याच स्थितीत दुपारी तो रेंगाळतो. तिसरी आणि मला सर्वांत जास्त काळजीची वाटणारी गोष्ट म्हणजे, भार खाली आणताना संपूर्ण बूम थरथरतो. पुरवठादाराचे म्हणणे असे की व्हॉल्व्ह बदलावा. मला ते पटत नाही, पण न पटण्यामागचे कारण मला नीट मांडता येत नाही. व्हॉल्व्ह खोलण्यापूर्वी काय तपासावे, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

तेलकट

पहिल्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण ती बहुधा दोष नसून व्हॉल्व्हच्या रचनेचा भाग आहे.

साध्या चालू-बंद सोलेनॉइडमध्ये (कॉइलने तयार होणाऱ्या विद्युतचुंबकात) आर्मेचर, म्हणजे आतला सरकता लोखंडी गाभा, जसजसे ध्रुवाच्या जवळ जाते तसतसे आकर्षण झपाट्याने वाढते, त्यामुळे ते मध्ये कुठेही थांबू शकत नाही. प्रपोर्शनल सोलेनॉइडमध्ये ध्रुवाचा आकार शंकूसारखा अशा खुबीने घडवलेला असतो की कामाच्या दोन-तीन मिलिमीटरच्या टप्प्यात बल जवळजवळ स्थिर राहते आणि ते फक्त विद्युतप्रवाहावर अवलंबून असते. त्या बलासमोर स्प्रिंग असते. प्रवाह वाढवला की स्प्रिंग थोडी अधिक दबते आणि स्पूल, म्हणजे तेलाच्या वाटा उघडणारा-मिटवणारा सरकता दांडा, नव्या ठिकाणी स्थिरावतो. तेलाचा प्रवाह मोठा असलेल्या यंत्रांवर सोलेनॉइड मुख्य स्पूलला थेट ढकलत नाही. तो एका छोट्या दाब-कमी करणाऱ्या पायलट व्हॉल्व्हला चालवतो आणि त्या पायलटचा दाब मुख्य स्पूलच्या टोकावर काम करतो. आपल्या क्रेनवर हीच पद्धत असण्याची शक्यता अधिक आहे.

आता मधल्या स्थितीत तेल गळू नये म्हणून स्पूलच्या कडा खाचांपेक्षा मुद्दाम रुंद ठेवलेल्या असतात. ती जादा रुंदी ओलांडेपर्यंत स्पूल सरकतो, पण तेल वाहत नाही. जॉयस्टिकचा जो भाग ‘मेलेला’ वाटतो तो हाच. कार्डावर किमान विद्युतप्रवाहाची मांडणी करता येत असेल, तर जॉयस्टिक केंद्रातून जराशी हलताच कार्डाने तेवढा प्रवाह एकदम द्यावा, म्हणजे स्पूल मृत पट्टा उडी मारून ओलांडेल आणि पुढची हालचाल सलग होईल. ही किंमत प्रत्येक कॉइलसाठी आणि दोन्ही दिशांसाठी वेगवेगळी शोधावी लागते. एका कॉइलची किंमत दुसरीला लावून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत. मग बूम वर जाताना लोण्यासारखा आणि खाली येताना गाढवासारखा वागतो.

अँपिअर

दुपारच्या रेंगाळण्याबद्दल माझा एकच प्रश्न आहे : आपले कार्ड कॉइलमधील प्रवाह मोजून दुरुस्त करते, की फक्त ठरावीक प्रमाणात व्होल्टेज चालू-बंद करते? ‘साधे कार्ड’ हे शब्द वाचून मला दुसरी शक्यता वाटते.

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशांना कॉइलचा रोध २१ ओहम असेल तर ९३ अंशांना तो सुमारे २७ ओहम होतो, आणि इंजिनाजवळ उन्हात तापलेल्या कॉइलसाठी हे तापमान मुळीच अवास्तव नाही. कार्ड जर व्होल्टेजच नियंत्रित करीत असेल, तर सकाळी जिथे ७५० मिलिअँपिअर जात होते तिथे दुपारी सुमारे ५८३ जातील. कुणी म्हणेल, पाचवा हिस्सा कमी झाला, त्यात एवढे काय? पण स्पूल उघडायला समजा २५० मिलिअँपिअर लागतात, तर उपयोगी पट्टा २५० ते ७५० एवढाच आहे. जॉयस्टिक मध्यावर असताना सकाळी ४५० मिलिअँपिअर, म्हणजे पट्ट्याचा ४० टक्के भाग मिळत होता. त्याच स्थितीत दुपारी ३५० मिळतात, म्हणजे २० टक्के. प्रवाह बावीस टक्क्यांनी घटला आणि बूमचा वेग निम्मा झाला. मृत पट्ट्यामुळे चूक अशी मोठी होते, आणि हलक्या हाताने काम करायच्या टप्प्यातच ती सर्वांत जास्त जाणवते.

मोजताना एक काळजी घ्यावी. कॉइलच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहिल्यास स्पंदांची फक्त सरासरी दिसते आणि त्यातून कॉइलमध्ये किती प्रवाह आहे हे कळत नाही. मीटर कॉइलच्या मालिकेत जोडून प्रवाहच वाचावा, आणि तोही थंड व तापलेल्या अशा दोन्ही अवस्थांत.

जाता जाता डिदरचाही उल्लेख करतो. स्पूल स्थिर उभा राहिला की स्थैतिक घर्षणामुळे चिकटतो, म्हणून प्रवाहावर साधारण १०० ते २०० हर्ट्झची बारीक लहर ठेवतात आणि स्पूल जागच्या जागी सूक्ष्मपणे हालत राहतो. ती फार कमी असेल तर चढता आणि उतरता मार्ग वेगळा पडतो, म्हणजे जॉयस्टिकच्या एकाच स्थितीला वर जाताना एक वेग आणि परत येताना दुसरा वेग मिळतो. फार जास्त असेल तर तीच लहर तेलात उतरते आणि नळ्या गुणगुणू लागतात.

जुना फिटर

वरील दोन्ही प्रतिसाद विद्वत्तापूर्ण आहेत, पण कुणी तेलाकडे पाहायला सांगितले नाही याचे आश्चर्य वाटते.

हाताच्या दांडीचा व्हॉल्व्ह चिकटला तर माणूस जोर लावतो आणि तो सुटतो. सोलेनॉइडकडे तेवढा जोर नसतो. स्पूल आणि बोअर यांच्यातील फट काही मायक्रॉनचीच असते आणि त्या फटीच्या मापाचे कण तेथे गाळासारखे साचून स्पूल जखडतात. आयएसओ ४४०६ या मानकानुसार तेलाची स्वच्छता तीन आकड्यांत सांगतात. ते आकडे एका मिलिलिटरमध्ये ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती आहेत यावरून ठरतात. प्रपोर्शनल व्हॉल्व्हसाठी १८/१६/१३ च्या आसपासची स्वच्छता सर्वसाधारणपणे मागितली जाते. यातील १८ या आकड्याचा अर्थ मिलिलिटरमागे १३०० ते २५०० कण असा होतो. आकडा एकाने वाढला की कणांची मर्यादा दुप्पट होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि मग ‘१८ च्या जागी २१ आले, तीनचाच फरक आहे’ असे सांगितले जाते. तो तीनचा फरक म्हणजे आठपट घाण आहे. पिंपातून थेट ओतलेले नवे तेलही या कसोटीला उतरेलच असे नाही, म्हणून ते फिल्टरमधूनच भरावे.

आणखी एक साधी गोष्ट. या सोलेनॉइडची आर्मेचर नळी तेलाने भरलेली असते. व्हॉल्व्ह नवा बसवल्यावर तिच्यात हवा अडकली असेल तर आर्मेचरला तेलाचे अवमंदन (हालचाल शांत करणारा अडथळा) मिळत नाही आणि स्पूल अस्थिर होतो. टोकाला हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो यंत्र बंद करून, दाब उतरवून, उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने वापरावा. आमच्या कार्यशाळेत एक संपूर्ण संच सदोष म्हणून परत पाठवला गेला होता. त्यात फक्त हवा होती.

खरे सांगायचे तर दांड्यांचे व्हॉल्व्ह काही वाईट नव्हते. ऑपरेटरच्या हाताला भार कळत असे.

तेलकट

फिटरसाहेब, तेलाबद्दल आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. दांड्यांबद्दल मात्र थोडा मतभेद नोंदवतो.

दांडीच्या साध्या व्हॉल्व्हमध्ये स्पूल तेवढाच उघडा असला तरी भार बदलला की वेग बदलतो, कारण छिद्रातून जाणारे तेल छिद्राच्या क्षेत्रफळाबरोबरच त्याच्या दोन बाजूंच्या दाबातील फरकाच्या वर्गमुळावरही अवलंबून असते. ऑपरेटरच्या हाताला भार कळत असे, कारण ती दुरुस्ती सतत त्यालाच करावी लागत असे. प्रेशर कंपेन्सेटर हा फरक स्थिर धरतो आणि मग वेग केवळ स्पूलच्या स्थितीवर, म्हणजे पर्यायाने विद्युतप्रवाहावर ठरतो. हे काम यांत्रिक दांडीच्या व्हॉल्व्हमध्येही करता येते, हे खरे आहे. पण तोच व्हॉल्व्ह विजेवर आणला की केबिनपर्यंत तेलाच्या नळ्या नेण्याची गरज उरत नाही, आणि बूम टोकाजवळ आल्यावर वेग आपोआप कमी करणे किंवा भार मर्यादेबाहेर जाताच धोक्याच्या दिशेची हालचाल अडवणे, या गोष्टी प्रोग्रॅममध्ये लिहिता येतात.

कंपेन्सेटर कुठे बसवला आहे याचाही विचार करावा. तो स्पूलच्या आधी असेल आणि ऑपरेटरने पंपाच्या क्षमतेपेक्षा जास्त तेल मागितले, तर सर्वांत जड हालचाल आधी मंदावते किंवा थांबते, कारण तेल सोप्या वाटेने निघून जाते. तो स्पूलनंतर असेल तर सर्व हालचाली सारख्या प्रमाणात मंदावतात आणि बादलीने घेतलेला मार्ग बिघडत नाही. खोदयंत्रावर हा फरक दिवसभर जाणवतो.

हे सर्व फुकट मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. मिनिटाला १०० लिटर तेल २० बारचा दाब केवळ व्हॉल्व्हमध्ये गमावत असेल, तर सुमारे ३.३ किलोवॅट शक्ती उष्णतेत जाते. म्हणून ‘प्रपोर्शनल व्हॉल्व्ह लावला की इंधन वाचते’ हे विधान मी कधीच करीत नाही. बचत होते ती पंप गरजेपुरतेच तेल देतो यामुळे. व्हॉल्व्ह स्वतः नेहमी काहीतरी खातच असतो.

गियरवाली

चर्चा बूमभोवतीच फिरत आहे, म्हणून थोडी भर घालते. अवजड वाहनात हेच तत्त्व ऑपरेटरला न दिसणाऱ्या जागीही काम करते.

पॉवरशिफ्ट (चाकांकडची शक्ती न तोडता गियर बदलणाऱ्या) गियरबॉक्समधील क्लचला प्रपोर्शनल व्हॉल्व्ह तेलाचा प्रवाह नव्हे, तर दाब मोजून देतो. गियर बदलताना प्रथम क्षणभर तेलाचा मोठा प्रवाह देऊन क्लचचा पिस्टन प्लेटींपर्यंत आणला जातो, मग दाब खाली आणून प्लेटी नुसत्या टेकलेल्या ठेवल्या जातात, आणि त्यानंतर दाब उतरणीसारखा हळूहळू चढवून भार एका क्लचकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. भरण्याचा काळ थोडा जास्त झाला तर वाहन धक्का देते, कमी झाला तर मधेच शक्ती तुटते. प्लेटी झिजल्या की पिस्टनला अधिक अंतर जावे लागते, म्हणून हा काळ पुन्हा शिकवावा लागतो. गियरबॉक्स दुरुस्तीनंतर कॅलिब्रेशन न करता वाहन बाहेर काढले आणि ‘व्हॉल्व्ह खराब आहे’ असा शेरा मारला, असे प्रसंग मी वारंवार पाहिले आहेत. आपल्या क्रेनची गोष्ट मला त्याच जातीची वाटते.

हायड्रॉलिक मोटरवर चालणाऱ्या थंडाव्याच्या पंख्यात तर एक सुंदर उलटा विचार असतो. तेथे विद्युतप्रवाह वाढला की दाब कमी होतो आणि पंखा मंदावतो. तार तुटली, कार्ड मेले, तरी पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो आणि इंजिन वाचते.

निळा धूर

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर क्रेन कामावर होती, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ लागला.

अँपिअर यांचा अंदाज खरा निघाला. कार्ड फक्त व्होल्टेजचे स्पंद देते. प्रवाह मोजण्याची सोय त्यात नाही. बूम खाली आणणाऱ्या कॉइलचा रोध सकाळी २१.२ ओहम आणि चार तास काम झाल्यावर २६.५ ओहम भरला. जॉयस्टिक एकाच खुणेवर धरली असता सकाळी ४४० आणि दुपारी ३५५ मिलिअँपिअर मिळाले. व्हॉल्व्ह ते निमूटपणे पाळत होता. त्याला मिळणारा हुकूमच बदलत होता.

प्रवाह नियंत्रित करणारे कार्ड बसवले. वर जाण्याच्या दिशेला स्पूल २६० मिलिअँपिअरला उघडतो आणि खाली येण्याच्या दिशेला २९५ ला. दोन्ही किंमती वेगळ्या मांडल्यावर उसळी गेली. तेलाचा नमुना तपासला तेव्हा २१/१९/१५ आले, म्हणून फिल्टर बदलले आणि बाहेरील फिल्टर यंत्रणेतून टाकीतील तेल फिरवत ठेवले. हवा काढल्यावर केंद्रस्थानी येणारी बारीक थरथर थांबली. भार खाली आणतानाची मोठी थरथर मात्र जशीच्या तशी आहे.

जुना फिटर

मग ती विजेची नाही. सिलिंडरवर भार धरून ठेवणारा जो काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह असतो, तिकडे पाहावे.

भार खाली आणताना आपण सिलिंडरच्या दांड्याच्या बाजूला तेल देतो आणि त्या बाजूच्या दाबाने हा व्हॉल्व्ह उघडतो. तो उघडताच भार स्वतःच्या वजनाने पुढे धावतो, दांड्याच्या बाजूला तेल अपुरे पडते, तेथील दाब कोसळतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. मिटताच दाब पुन्हा चढतो आणि तो पुन्हा उघडतो. त्यात तिकडे कंपेन्सेटर आणि पंपही त्याच दाबाच्या मागे धावत असतात; दोघे एकमेकांचा पाठलाग करतात आणि बूम थरथरतो. जुन्या दांडीच्या व्हॉल्व्हला कंपेन्सेटर नसल्यामुळे आपल्याला हे पूर्वी दिसले नसेल.

उपाय दोन. हा उघडणारा दाब आणणाऱ्या पायलट वाटेत बारीक ओरिफिस (अरुंद छिद्र) बसवून उघडझाप संथ करणे, किंवा कमी पायलट गुणोत्तराचा, म्हणजे उघडायला पायलटचा जास्त दाब मागणारा व्हॉल्व्ह घेणे. दुसऱ्या उपायाने खाली आणताना दाब आणि त्याबरोबर उष्णता थोडी वाढते, पण स्थैर्य येते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो : त्या व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवून प्रयोग करू नये. त्याची मांडणी सामान्यतः भारामुळे निर्माण होणाऱ्या कमाल दाबाच्या सुमारे १.३ पट ठेवलेली असते. ती कमी झाली तर जे टांगलेले आहे ते खाली येईल. ओरिफिसचे मापही क्रेनच्या उत्पादकाला विचारूनच ठरवावे.

अँपिअर

दरम्यान कार्डातील रॅम्प वाढवून पाहता येईल. प्रवाह शून्यावरून पूर्ण होण्यास लागणारा वेळ एक-दीड सेकंद केला तर भाराला सुरुवातीचा धक्का बसणार नाही आणि थरथर पेट घेणार नाही.

तेलकट

येथे मला आक्षेप घ्यावासा वाटतो. चढता रॅम्प वाढवावा, पण उतरता रॅम्प तेवढाच ठेवल्यास ऑपरेटरने जॉयस्टिक सोडल्यावरही बूम दीड सेकंद चालत राहील. खाली माणूस उभा असेल तर दीड सेकंद फार मोठा असतो. शिवाय कॉइलच्या टोकांवर नुसता डायोड लावलेला असेल, तर प्रवाह विझायलाही थोडा वेळ लागतो आणि तो या विलंबात मिसळतो. लांब रॅम्प ही दुखणे झाकणारी गोधडी आहे.

अँपिअर

मान्य आहे. दोन रॅम्प वेगळे ठेवावेत, उतरता आखूड असावा आणि आपत्कालीन थांब्याच्या बटणाने रॅम्पला वळसा घालून कॉइलचा पुरवठाच तोडावा. तरीही काउंटरबॅलन्स व्हॉल्व्हची बाजू दुरुस्त होईपर्यंत तात्पुरता चढता रॅम्प वाढवणे गैर नाही, असे माझे मत कायम आहे.

कार्ड बदललेच आहे, तर त्याने कॉइलची कोणती बाजू चालू-बंद होते तेही पाहावे. काही कार्डे कॉइलला धन बाजू कायम जोडून ठेवतात आणि ऋण बाजू चालू-बंद करतात. अशा जोडणीत तारेचे आवरण घासून ती चेसिसला टेकली की कॉइलला पूर्ण प्रवाह मिळतो आणि कुणी जॉयस्टिकला हात न लावता बूम पूर्ण वेगाने चालू लागतो. धन बाजू चालू-बंद करणाऱ्या कार्डात हाच दोष घडला तर फ्यूज जातो किंवा कार्ड दोष दाखवून पुरवठा बंद करते. अवजड वाहनावर तारा घासतातच, त्यामुळे हा मुद्दा चैनीचा नाही.

निळा धूर

शेवटची नोंद करतो. नवे कार्ड धन बाजूचे आहे, हे तपासले. उत्पादकाशी बोलून काउंटरबॅलन्स व्हॉल्व्हच्या पायलट वाटेत त्यांनी सुचवलेल्या मापाचे ओरिफिस बसवले, नंतर नियमानुसार भारचाचणी घेतली. थरथर गेली. चढता रॅम्प ०.६ आणि उतरता ०.२ सेकंद ठेवला आहे. मूळ व्हॉल्व्ह अजून तोच आहे. त्याचा एकही बोल्ट सैल केलेला नाही.

एवढ्यात ऑपरेटरने नवी तक्रार आणली आहे. थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटे बूम उशिरा प्रतिसाद देतो. त्या वेळेपुरता किमान प्रवाह वाढवावा का?

तेलकट

वाढवू नये. आपले तेल व्हीजी ४६ असेल तर ४० अंशांना त्याची श्यानता (दाटपणा) सुमारे ४६ सेंटिस्टोक असते आणि थंडीत ती कित्येक पट होते. पायलटच्या अरुंद वाटांतून ते सरकायलाच वेळ घेते, त्यामुळे विलंब तेलाचा आहे. त्यासाठी वाढवलेला प्रवाह तेल तापल्यावर तसाच राहिला, तर आपण घालवलेली उसळी परत येईल. भार न उचलता, मोकळ्या जागेत सर्व हालचाली संथपणे काही वेळा पुढे-मागे करून तेल कोमट होऊ द्यावे आणि मगच हुक भाराला लावावा.